खळ्यावर आलेली आठ चाके

बेळगावच्या माणसाला स्केटिंग नवे नाही. सकाळी लवकर चाकांचे बूट खांद्याला अडकवून रिंककडे निघालेली मुले तिथे सगळ्यांच्या पाहण्यातली आहेत. उभ्या गाड्यांच्या खालून, हनुवटी जमिनीला लागेल इतके वाकून पलीकडे निघणाऱ्या तिथल्या पोरांची छायाचित्रेही आपण वर्तमानपत्रांत पाहिली आहेत. याला लिंबो स्केटिंग म्हणतात. बेळगावच्या रोहन कोकणे याने २०११ मध्ये जेमतेम २५ सेंटीमीटर उंचीच्या आडव्या दांड्यांखालून १० मीटर अंतर पार केले आणि गिनेस बुकात नाव नोंदवले. २५ सेंटीमीटर म्हणजे शाळेतल्या मोठ्या फूटपट्टीपेक्षा कमीच. तेव्हा स्केटिंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक तर वेग येतो, नाही तर वाकणे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत या दोन्हींत न बसणारी एक जोडी आमच्या कुळगीच्या घरी आली. मी नोकरीनिमित्त दांडेलीत राहतो. मूळ घर तिथून १२ किलोमीटरच्या आसपास, अंबिकानगरच्या रस्त्यावर. माझी धाकटी बहीण बेळगावात असते. तिचे सासर धारवाडचे, घरची भाषा कन्नड. तिचा मुलगा दुसऱ्या पीयूसीला आहे. सात वर्षे त्याने वेगाच्या शर्यती केल्या आणि जूनमध्ये एके दिवशी रिंकला जायचे बंद केले. कारण विचारले तर "कंटाळा आला" एवढेच उत्तर. दाजींनी त्याच्या शर्यतीच्या बुटांवर बरेच पैसे घातलेले, त्यामुळे बापलेकांचे बोलणे तुटले. त्यात पुण्याच्या चुलतभावाकडून आणि साठवलेल्या पैशांतून त्याने ही नवी जोडी मिळवली. किंमत सांगत नाही. तेवढ्यात एखादी बऱ्यापैकी जुनी मोपेड आली असती. बहिणीचा फोन आला, "दादा, चार दिवस तुझ्याकडे ठेव. निदान कोणाशी तरी बोलेल."

या बुटांना 'ॲग्रेसिव्ह इनलाइन' म्हणतात. नाव ऐकून आईने विचारले, "कोणाच्या अंगावर धावून जातात रे हे?"

थोडा इतिहास सांगतो, तो माझा विषयच आहे. चाके एका रेषेत लावायची कल्पना जुनी. १७६० च्या दशकात जॉन जोसेफ मर्लिन हा कारागीर लंडनच्या एका मेजवानीत असे बूट घालून, व्हायोलिन वाजवत शिरला आणि थांबता न आल्याने भल्या मोठ्या आरशावर आदळला, असे सांगतात. पुढे १८६३ मध्ये अमेरिकेत जेम्स प्लिम्प्टन याने दोन पुढे, दोन मागे अशी चार चाकांची जोडी बनवली. शरीर झुकवले की ती वळायची, आणि पुढची शंभर वर्षे तीच चालली. १९८० च्या सुमारास मिनियापोलिसच्या ओल्सन बंधूंनी एका रेषेतली चाके पुन्हा आणली. उन्हाळ्यातही आइस हॉकीचा सराव करता यावा, एवढाच त्यांचा हेतू. त्यांच्या 'रोलरब्लेड' कंपनीचे नाव पुढे या बुटांचेच नाव होऊन बसले. मग पोरांनी हे बूट घेऊन रस्त्यावरचे कठडे, पायऱ्या आणि जिन्यांचे लोखंडी बार यांवरून घसरायला सुरुवात केली. कंपन्यांना त्यासाठी वेगळा बूट काढावा लागला. १९९५ च्या पहिल्या एक्स गेम्समध्ये हा प्रकार होता. २००५ पर्यंत तो तिथून पूर्णपणे वगळला गेला. त्याच रस्त्यावर वाढलेला स्केटबोर्ड मात्र टोकियो ऑलिंपिकपर्यंत पोहोचला. हे भाच्याला पक्के ठाऊक आहे. "मामा, हा हरलेला खेळ आहे," तो म्हणाला, आणि हसला. त्या दिवसातले त्याचे हे पहिले हसू.

दाजींचे म्हणणे साधे आहे आणि ते चुकीचे नाही. वेगाच्या शर्यतीला आज दिवस चांगले आहेत. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत आपल्या मुलांनी आणि मुलींनी दोघांनीही ३००० मीटर रिलेत कांस्यपदक मिळवले. २०२५ मध्ये तमिळनाडूचा आनंदकुमार वेलकुमार चीनमध्ये १००० मीटरचा जगज्जेता झाला. शर्यतीत पळाले तर प्रमाणपत्र मिळते, प्रमाणपत्राला पुढे प्रवेशाच्या वेळी किंमत असते. कट्ट्यावरून घसरल्याचे प्रमाणपत्र कोण देणार?

आता खुद्द बुटांविषयी. आमचा दोघांचा नंबर नऊ, त्यामुळे मीही ते घालून पाहिले. कॉलेजच्या दिवसांत भाड्याचे चार चाकांचे स्केट वापरलेले होते, तेवढ्याच जिवावर. पहिली गोष्ट जाणवते ती वजन. बाहेरून जाड, कडक प्लॅस्टिकचे कवच, आत कापूस-स्पंजचा वेगळा मोजा, टाचेखाली धक्का शोषणारी गादी, वर लेस आणि बकल. घोटा जागच्या जागी आवळला जातो. शर्यतीच्या बुटाची चाके ११० मिलिमीटरपर्यंत मोठी असतात. याची ५५ ते ६० च्या आसपास, म्हणजे पेढ्यापेक्षा थोडी मोठी, आणि दगडासारखी कडक. त्यामुळे वेग येत नाही आणि आला तरी टिकत नाही. भाच्याची सात वर्षांची सवय लांब लांब ढकलण्याची. तो जोरात रेटायचा आणि दहा पावलांत चाके दमायची. मला मात्र हे सोयीचे वाटले. बूट पळून जात नाहीत. जमिनीचा प्रत्येक कण तेवढा तळपायाला कळतो.

बुटाला ब्रेक नाही. मागचा पाय आडवा धरून चाके घासत थांबायचे. खरी गंमत खाली आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या चाकांच्या मध्ये रुंद खाच ठेवलेली असते. उडी मारून ती खाच कट्ट्याच्या कडेवर बसवायची आणि आडवे घसरत जायचे. बुटाच्या बाजूलाही प्लॅस्टिकची रुंद पट्टी असते, तिच्यावरूनही घसरता येते. दोन्ही पाय आडवे टाकून खाचेवर घसरणे याला 'फ्रंटसाईड' म्हणतात, शिकायची सुरुवात बहुधा तिथून होते. चाके बसवलेली फ्रेम दोन बोल्टांनी काढता-घालता येते. साधारण २००० सालापासून बऱ्याच कंपन्यांनी त्याचे एकच माप ठरवून घेतले, त्यामुळे एकाचा बूट आणि दुसऱ्याची फ्रेम चालते. आपल्या प्रेशर कुकरच्या शिट्ट्यांबाबतही कोणी एवढे ठरवले असते तर किती बरे झाले असते.

कुळगीत रिंक नाही. रस्ता आहे, पण त्यावर लॉऱ्या आहेत आणि दोन्ही बाजूंना काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल; तिथे चाकांवर उतरायचे नाही, हे मी पहिल्या दिवशीच बजावले. राहिले आमचे खळे. ते आम्ही काही वर्षांपूर्वी सिमेंटचे करून घेतले. पण जोयड्याचा पाऊस संपल्यावर सिमेंटवर हिरवे शेवाळ असते आणि त्यावर अनवाणी माणूससुद्धा आडवा होतो. दोघांनी मिळून ब्लीचिंग पावडर टाकली, खराट्याने घासले, एक दिवस ऊन दिले. नंतरही दर अर्ध्या तासाला झाडायचे, कारण एवढ्या छोट्या चाकाखाली हरभऱ्याएवढा खडा आला तरी ते जागच्या जागी अडते आणि माणूस पुढे जातो. ओल्यात तर चालवायचेच नाही. बेअरिंगमध्ये पाणी गेले की गंज आलाच.

खळ्याच्या कडेला फूटभर उंचीचा बसायचा कट्टा आहे. आईची संध्याकाळची जागा. त्याची कड गिलाव्याची, दोन घसरणींत उडाली असती. भाच्याने दांडेलीच्या वेल्डरकडून सहा फुटांचा लोखंडी अँगल आणला, ड्रिलने भोके पाडून कडेला बसवला, वर देवघरातली मेणबत्ती घासली. मेण लागतेच, नवे प्लॅस्टिक आणि नवे लोखंड एकमेकांना धरून ठेवतात. आईने हे सगळे पाहिले आणि काही बोलली नाही. तिचा विरोध असला की ती बोलते.

आणि मग तो पडू लागला. पहिल्या दिवशी मी मोजले, सत्तावीस वेळा. पण पडायचेही त्याने आधी शिकून घेतलेले. गुडघ्यांच्या वाट्या पुढे टाकायच्या, मग कोपरे, तळहात शेवटी आणि तेही मनगटाच्या पट्टीवर. या खेळातली पुष्कळ मुले मनगटाची पट्टी वापरत नाहीत म्हणे, हात मोकळे लागतात म्हणून. माझ्या खळ्यावर ती सक्तीची होती. आमच्या गावातून हाडाच्या डॉक्टरकडे जायचे तर आधी गाडी शोधावी लागते. आधी त्याने नुसते उभ्याने खाच कडेवर ठेवून तोल सांभाळला, पाव पाव तास. मग हळू येऊन चढणे. उडीच्या आधी तो कन्नडमध्ये मोजायचा, "ओंदु, एरडु, मूरु", आणि पडला की मराठीत "आई गं!" आमच्या घरांत भाषांची वाटणी अशी कुठेही होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो सहाच्या सहा फूट घसरला. लोखंडावरून प्लॅस्टिक जाताना खरवडल्यासारखा लांब आवाज आला, बाजूच्या फणसावरची माकडे उठली, आणि तो पलीकडे दोन पायांवर उतरला. त्या रात्री जेवताना तो आपणहून बोलला. शर्यतीत सात वर्षे समोर फक्त कोणाची तरी पाठ दिसायची, आणि घरी आल्यावर सेकंद विचारले जायचे. इथे त्याला कोणी सेकंद विचारत नाही. मी काही उत्तर दिले नाही, आईने ताटात आणखी भात वाढला.

माझे मत विचाराल तर मुलाला हे करू द्यावे. दहावी-बारावीच्या वयात सत्तावीस वेळा पडून अठ्ठाविसाव्यांदा आपणहून उठणारे किती विद्यार्थी माझ्या वर्गात आहेत, ते मी रोज पाहतो. पण शर्यत सोडली म्हणजे प्रमाणपत्राची वाट बंद झाली, आणि ती भर गुणांनी काढावी लागेल. हे मी त्याला स्पष्ट सांगितले. त्याला ते माहीत होते.

रविवारी दाजी गाडी घेऊन आले. चहा घेऊन खळ्याच्या पायरीवर बसले. भाच्याने त्यांच्याकडे न पाहता बूट चढवले आणि सुरुवात केली. दोनदा पडला. तिसऱ्यांदा निम्मा कट्टा घसरून उतरला. दाजी उठले, अँगलपाशी गेले, वाकून बोल्ट हलवून पाहिले. घट्ट होते. मग मुलाकडे वळून त्यांनी जूननंतरचा बहुधा पहिला प्रश्न विचारला, "हेल्मेट एल्लैति?"

हेल्मेट आत खुंटीवर होते. आई म्हणाली, पुढच्या आठवड्यात भात कापायला घेणार, मग खळे मोकळे मिळायचे नाही, काय ते आजच करा. भाचा हेल्मेट आणायला गेला, आणि दाजी खराटा घेऊन खळे झाडू लागले.