पाण्यातला व्यायाम आणि जमिनीवरचा व्यायाम

नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरील महापालिकेच्या सावरकर जलतरण तलावासारख्या ठिकाणी व्यायाम केवळ पोहणाऱ्यांसाठीच असतो, असे नाही. उथळ पाण्यात नुसते चालणेही उपयोगी ठरते. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिल्यास पायांवरचा भार सुमारे निम्मा होतो. छातीपर्यंत गेल्यास साधारण एकतृतीयांश उरतो. म्हणून गुडघेदुखी, संधिवात किंवा जास्त वजन असणाऱ्यांना पाण्यात हालचाल सोपी जाते.

पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन असते. प्रत्येक पावलाला सर्व बाजूंनी विरोध होतो आणि वजने न उचलताही स्नायूंना काम मिळते. पाण्याच्या दाबामुळे पायांतले रक्त हृदयाकडे सहज परतते. तेवढ्याच श्रमात नाडी बहुधा जमिनीवरच्यापेक्षा कमी राहते. त्यामुळे जमिनीवरचे नाडीचे लक्ष्य इथे जसेच्या तसे लावू नये.

हाडांच्या बळकटीसाठी मात्र शरीराचा भार पेलणे आवश्यक आहे. गोदाकाठी भरभर चालणे, जिने चढणे सोडू नका. पाण्यातही घाम येतो, तेव्हा पाणी प्या. हृदयविकार, अपस्मार किंवा उघडी जखम असल्यास आधी डॉक्टरांना विचारा.