गावित म्हणजे कोणते गावित?

चीनमधील हांगझोऊ येथे २८ ऑक्टोबर २०२३ रोजी आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेच्या अखेरच्या दिवशी पुरुषांच्या चारशे मीटर शर्यतीत टी-४७ गटात एका भारतीय धावपटूने ४९.४८ सेकंदांची वेळ देत सुवर्णपदक पटकावले. भारताचे त्या स्पर्धेतील ते शंभरावे पदक. साहजिकच दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत हे नाव ठळक अक्षरांत आले : दिलीप महादू गावित. लहानपणी झाडावरून पडून झालेल्या अपघातात त्याने एक हात गमावला होता. पुढे नाशिकमध्ये प्रशिक्षक वैजनाथ काळे यांच्या हाताखाली तो धावपटू म्हणून घडला.

ही बातमी वाचून पुण्या-मुंबईच्या परिचितांनी विचारलेला पहिला प्रश्न मात्र शर्यतीबद्दल नव्हता. ‘नंदुरबारच्या गावितांपैकीच का हा?’ असा तो प्रश्न होता. त्यामागोमाग दुसरा प्रश्नही ठरलेलाच : ‘तुमच्याकडचे सगळे गावित एकमेकांचे भाऊबंद ना?’ दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे. दिलीप हा नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याचा. नवापूर आणि सुरगाणा यांच्यामध्ये साक्री, बागलाण, कळवणचा सगळा डोंगराळ पट्टा पसरलेला आहे. तरीही हा प्रश्न पुन:पुन्हा विचारला जातो आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

शहरी वाचकाला ‘गावित’ हे आडनाव ठाऊक झाले ते निवडणुकीच्या निकालांमुळे. नवापूर तालुक्यातील धुळीपाड्याचे माणिकराव होडल्या गावित १९८१ च्या पोटनिवडणुकीत नंदुरबारमधून प्रथम लोकसभेवर गेले आणि २०१४ पर्यंत तेथून हलले नाहीत. एकाच मतदारसंघातून सलग नऊ वेळा निवडून येण्याचा हा पराक्रम देशाच्या संसदीय इतिहासात फार थोड्यांच्या नावावर आहे. २००४ मध्ये ते केंद्रीय गृह राज्यमंत्री झाले. २००९ मध्ये पंधराव्या लोकसभेचे हंगामी अध्यक्ष म्हणून त्यांना शपथ दिली ती राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी. खानदेशच्या एका टोकाच्या व्यक्तीने दुसऱ्या टोकाच्या व्यक्तीला राष्ट्रपती भवनात शपथ द्यावी, हा योग त्या वेळी फारसा कोणाच्या लक्षात आला नाही.

दुसरे घराणे नंदुरबार तालुक्यातील नटावदचे. व्यवसायाने डॉक्टर असलेले विजयकुमार गावित १९९५ मध्ये अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले. पुढे पक्ष बदलले, पण २०२४ पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकीत नंदुरबारची जागा त्यांच्याकडेच राहिली. आदिवासी विकास आणि वैद्यकीय शिक्षण ही खाती त्यांनी सांभाळली. त्यांचे बंधू शरद गावित २००९ मध्ये नवापूरमधून समाजवादी पक्षाच्या उमेदवारीवर आमदार झाले. आणि २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत विजयकुमारांच्या कन्या डॉ. हीना गावित यांनी वयाच्या सव्विसाव्या वर्षी माणिकरावांचा लाखाहून अधिक मतांनी पराभव केला.

‘गावितांनी गावितांना हरवले’ असे मथळे तेव्हा झळकले. बाहेरच्या वाचकाची समजूत झाली, की हे एखाद्या घरातले भांडण असावे. बीडच्या किंवा साताऱ्याच्या राजकारणात काका-पुतण्यांचे होते तसे. प्रत्यक्षात ही दोन निराळी घराणी, निराळ्या तालुक्यांतली आणि दीर्घ काळ परस्परविरोधी राजकारण करणारी. माणिकरावांच्या कन्या निर्मला गावित २००९ आणि २०१४ मध्ये इगतपुरीच्या आमदार होत्या. पालघरचे राजेंद्र गावित २०१८ च्या पोटनिवडणुकीत आणि नंतर २०१९ मध्ये खासदार झाले. इतके गावित एकाच वेळी बातम्यांत येऊ लागल्यावर उपसंपादकाचीही धांदल उडते, तेथे वाचकाला दोष कसा द्यायचा?

आडनावांच्या या पुनरावृत्तीचे एक कारण अगदी साधे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याच्या सुमारे साडेसोळा लाख लोकसंख्येत ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. लोकसभा मतदारसंघ तर राखीव आहेच. शिवाय त्यातील अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर, साक्री आणि शिरपूर हे सहाही विधानसभा मतदारसंघ राखीव आहेत. या जमातींत आडनावे मोजकी : गावित, पाडवी, वळवी, वसावे, नाईक, पावरा, तडवी, कोकणी. त्यामुळे मतपत्रिकेवर तीच तीच आडनावे येणार, हे ओघानेच आले. २०२४ मध्ये हीना गावित यांचा पराभव करणारे गोवाल पाडवी हे माजी मंत्री के. सी. पाडवी यांचे पुत्र. पण त्याच वर्षी अक्कलकुव्यात के. सी. पाडवींना विधानसभेत हरवणारे आमश्या पाडवी हे त्या घरातले नव्हेत.

मात्र दुसरे कारण अधिक खोल आहे. यातील कित्येक शब्द मुळात आडनावे नव्हतीच. ती जमातींची नावे. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची अधिकृत यादी उघडली तर एकाच नोंदीत ‘गामित, गामता, गावित, मावची, पाडवी’ अशी पाच नावे सापडतात. ‘वसावे’, ‘पावरा’ आणि ‘तडवी भिल्ल’ ही नावे भिल्ल जमातीच्या लांबलचक नोंदीत आहेत. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर आडनावाच्या रकान्यात जे लिहिले जाते, तेच कधीकाळी सबंध समूहाचे नाव होते. मास्तरांनी पहिल्यांदा पटावर मूल नोंदवताना ‘आडनाव काय?’ असे विचारले असेल आणि बापाने आपण कोण लोक ते सांगितले असेल, अशी कल्पना सहज करता येते.

‘गाम’ म्हणजे गाव. त्यात वस्ती करून स्थिर शेती करणारा तो गामित, अशी या शब्दाची उपपत्ती सांगितली जाते. गुजरातच्या तापी, सुरत भागात ‘म’ कायम राहिला, सीमेच्या अलीकडे त्याचा ‘व’ झाला. मांडवीचे दीर्घकाळ खासदार राहिलेले छितुभाई गामित आणि २०२२ मध्ये स्वच्छतेच्या कार्यासाठी पद्मश्री मिळालेल्या तापी जिल्ह्यातील रमिलाबेन गामित यांचे आडनाव हे नवापूरच्या गावितांचेच भावंड आहे. राज्यांची सीमा १९६० मध्ये आखली गेली. आडनाव त्याच्या कितीतरी आधीचे.

एवढ्यावर हा गुंता संपत नाही. गावित हे आडनाव मावचींत आहे तसेच कोकणा जमातीतही आहे. सुरगाणा, पेठ, कळवण आणि गुजरातचा डांग हा कोकणांचा मुलूख. कोकणा ही यादीतली स्वतंत्र नोंद आहे. तिची बोली वेगळी, कुळे वेगळी. तेव्हा आडनाव एक म्हणून जमात एक, असेही म्हणता येत नाही. शिवाय कोकणांत गायकवाड, पवार, राऊत, चौधरी अशीही आडनावे आहेत. आशियाई क्रीडा स्पर्धेत २०१८ मध्ये महिलांच्या चार बाय चारशे मीटर रिलेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातील सरिता गायकवाड ही डांगची. नुसते आडनाव ऐकून कोणाला बडोद्याचे राजघराणे आठवले, तर त्याची चूक तरी काय!

आडनावे थोडी आणि माणसे पुष्कळ झाली, की समाज आपली वाट काढतो. वेल्समध्ये जोन्स आणि विल्यम्स ही आडनावे अशीच उदंड. १९७० च्या दशकात वेल्सच्या रग्बी संघात दोन विल्यम्स एकाच वेळी खेळत आणि दोघांचेही नाव जॉन. लोकांनी त्यांना आद्याक्षरांनीच ओळखायला सुरुवात केली : एक जे. पी. आर., दुसरा जे. जे. आमच्याकडेही हेच झाले. जिवा पांडू गावित हे नाव उच्चारले तर शहरी वाचक क्षणभर थबकतो, पण ‘जे. पी. गावित’ म्हटले की मार्च २०१८ चा किसान लाँग मार्च डोळ्यांसमोर येतो. सुरगाण्यातून आणि पुढे कळवणमधून सात वेळा आमदार झालेले हे मार्क्सवादी नेते. नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी सहा दिवसांत सुमारे १८० किलोमीटर चालून आले आणि दहावीच्या परीक्षार्थींचा खोळंबा होऊ नये म्हणून शेवटचा टप्पा रात्री चालले, हे मुंबईकरांच्या चांगले स्मरणात असेल. वनजमिनींचे हक्क ही त्यांची मुख्य मागणी होती. नंदुरबारच्या दोन्ही गावित घराण्यांशी या गावितांचे पक्षाचे नाते नाही.

खरी ओळख पटते ती मधल्या नावाने. होडल्या, पांडू, महादू. मराठी रीतीने वडिलांचे नाव मध्ये येते आणि तेथे मागची पिढी जपली जाते. के. सी. पाडवी यांचे पूर्ण नाव कागडा चांद्या पाडवी, आणि त्यांचे पुत्र गोवाल कागडा पाडवी. होडल्या, कागडा, चांद्या ही त्या डोंगरातली अस्सल नावे. मंगळवारी जन्मला तो मंगळ्या, बुधवारी जन्मला तो बुध्या, अशीही नावे पाड्यांवर सर्रास होती. पुढच्या पिढीत माणिकराव, विजयकुमार, दिलीप आले. दूरचित्रवाणी आणि शाळा पोचल्यावर नावे सगळीकडे सारखीच होऊ लागली. यात वाईट काही नाही. आपल्या मुलाला कोणते नाव द्यायचे ते आईबापांनी ठरवायचे. पण जुनी नावे आता केवळ मधल्या जागी उरली आहेत आणि आणखी एका पिढीनंतर तेथेही दिसणार नाहीत, हे जाणवते खरे.

शहरातल्या वाचकाला हे सारे कुतूहलाचे वाटेल. येथील विद्यार्थ्याला मात्र नावाच्या एका अक्षरावर वर्ष गमवावे लागू शकते. १९७६ पूर्वी महाराष्ट्रात अनेक जमातींना ठरावीक क्षेत्रापुरतीच मान्यता होती. त्या वर्षीच्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन उठले. ते उठणे न्याय्यच होते. पण नामसाधर्म्याचा आधार घेऊन जमातीचा दावा करणाऱ्यांची संख्याही वाढली. म्हणून पडताळणी समित्या आल्या आणि त्यांना कायद्याचे अधिष्ठान देणारा राज्याचा कायदा २००१ मध्ये अमलात आला. आता जमातीचा दाखला पुरत नाही, वैधता प्रमाणपत्रही लागते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘गावित’, बापाच्या दाखल्यावर ‘गामीत’ आणि आजोबांच्या भावाच्या कागदावर नुसतेच ‘भिल्ल’ असे लिहिलेले असले, की प्रवेशाच्या ऐन हंगामात मुलाच्या बापाला मजुरी बुडवून तहसील, शाळा आणि समिती यांच्यामध्ये खेटे घालावे लागतात. चूक मुळात कोणाची? बहुधा त्या काळी घाईत लिहिणाऱ्या लेखनिकाची. निस्तरते तिसरी पिढी.

पूर्वी कागद अपुरे पडले तर जमातीच्या चालीरीती, देवदेवता, लग्नविधी यांची उमेदवाराला विचारपूस केली जाई; तिला आप्तभाव चाचणी म्हणतात. शहरात वाढलेल्या मुलीला वाघदेवाची पूजा कशी करतात हे सांगता आले नाही, म्हणून ती आदिवासी नाही, असा निष्कर्ष निघण्याची भीती त्यात होती. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ही चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही, असे स्पष्ट केले. नुसते आडनाव जुळणे हा पुरावा नव्हे, तसेच चालीरीती विसरणे हाही गुन्हा नव्हे. बोगस दाखल्यांविरुद्ध आदिवासी संघटनांचा राग रास्त आहे, कारण राखीव जागा तेथूनच गळतात. तथापि त्या गाळणीत खऱ्याखुऱ्या गावितांची मुले अडकतात, हेही तितकेच खरे.

योगायोग असा, की देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला तो याच जिल्ह्यात. २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभली या छोट्या गावी पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत त्या योजनेचा आरंभ झाला. सारख्या नावांच्या गर्दीत प्रत्येकाला बारा अंकांची वेगळी खूण मिळाली. पण तो क्रमांक माणूस कोण हे सांगतो, त्याची जमात सांगत नाही. समितीच्या दारात तो दाखवून भागत नाही.

या साऱ्या गुंत्यातून सुटलेली एक जागा आहे आणि ती म्हणजे धावपट्टी. घड्याळ कोणाचे कागद तपासत नाही. सह्याद्रीच्या या उत्तर पट्ट्याने गेल्या दोन दशकांत देशाला एकामागून एक धावपटू दिले. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ कविता राऊत हिने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. डांगमधील कुमारबंधचा मुरली गावित एप्रिल २०१९ मध्ये दोहा येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत दहा हजार मीटर २८ मिनिटे ३८.३४ सेकंदांत धावला आणि कांस्यपदक घेऊन आला. राजकारणातल्या गावितांच्या मानाने त्याला जागा मिळाली ती क्रीडापानावरच्या तळाच्या दोन कॉलमांची.

हांगझोऊनंतर दिलीप २०२४ मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये उतरला, अंतिम फेरीत पोचला आणि आठवा आला. आंतरराष्ट्रीय निकालपत्रकात आडनाव आधी मोठ्या अक्षरांत आणि मग उरलेले नाव छापतात. तेथे त्याची नोंद ‘गावित, दिलीप महादू’ अशी आहे. पॅरिसच्या प्रेक्षकांना यातला महादू हा त्याचा दुसरा नावपट्टा वाटला असेल. सुरगाण्यात मात्र तेवढ्यावरून कळते, की हा कोणाचा मुलगा.