जड पाणी आणि घरचे धुणे

गळीत हंगामात घरची बाई भल्या पहाटे धुणे उरकून शेतावर निघते. बोअरच्या पाण्यात साबण नुसता झिजतो, फेस काही येत नाही. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, तेच हे जड पाणी. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार होतो आणि तोच धोतरात बसून धोतर मळकट दिसते.

आम्ही सुचवतो ते असे : बादलीभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा (खायचा नव्हे!) आधी विरघळवावा, मग साबण घालून कपडे रात्रीच भिजत टाकावेत. क्षार सोड्याने खाली बसतात, साबण मळाच्या कामी येतो आणि सकाळी फारसे घासावे लागत नाही. रेशमी-लोकरी कपड्यांना सोडा लावू नये. निदान भिजवायचे काम तरी पुरुषमंडळींनी करायला काय हरकत आहे?

औषध फवारणीचे कपडे मात्र या बादलीत कदापि नकोत. ते त्याच दिवशी, वेगळ्या बादलीत, रबरी हातमोजे घालून धुवावेत. लेकराबाळांच्या कपड्यांत मिसळू नयेत, आणि ते पाणी विहिरीजवळ ओतू नये.