मेंढीकोटाकडून ब्रिजकडे (भाग ७) : एक्का लगेच टाकू नका

ब्रिजच्या टेबलावर मेंढीकोटवाले लगेच ओळखू येतात. पहिली उतारी पडते, डमीची पानं मांडून होतात आणि त्या रंगाचा एक्का हातात असेल तर तो तत्काळ टेबलावर आपटला जातो. आपटण्याचा आवाजही खास मेंढीकोटाचाच.

यात अडाणीपणा काही नाही. मेंढीकोटात एक्का लवकर वसूल करणंच शहाणपणाचं असतं. पहिल्या फेरीला बहुतेक चौघांकडेही त्या रंगाची पानं असतात, त्यामुळे एक्का सुखरूप घरी येतो आणि भिडूकडे त्याच रंगाची दश्शी असली तर ती त्याखाली बिनधोक टाकता येते. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपर्यंत थांबलात तर कुणाचा तरी तो रंग संपलेला असतो आणि एक्क्यावर हुकमाची दुर्री बसते. कट हुकूम खेळत असाल तर हुकूम कोणता हेच मुळी कुणाचा तरी रंग संपल्यावर ठरतं. थोडक्यात, एक्क्याला भीती असते ती कापलं जाण्याची.

नो ट्रम्पमध्ये ही भीतीच नसते. हुकूम नाही, म्हणजे कापणारा नाही. इस्पिकचा एक्का आज काढा नाहीतर तिसऱ्या फेरीला काढा, तो त्या फेरीचा हात करणारच. मग घाई कशाला? एक्का कधी टाकायचा हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे आणि तो पहिल्याच पानाला उधळून टाकण्यात अर्थ नाही.

हुकुमाशिवाय खेळण्याची ही सोय नेहमीच नव्हती. व्हिस्ट या जुन्या इंग्रजी खेळात वाटणाऱ्याचं शेवटचं पान उलटून हुकूम ठरवत, त्यामुळे हुकूम कायम असेच. १८८६ मध्ये लंडनमध्ये ‘बिरिच किंवा रशियन व्हिस्ट’ नावाचं चार पानी पत्रक निघालं. त्यातल्या खेळात हुकुमाशिवाय खेळायची मुभा होती आणि वाटणाऱ्याच्या भिडूची पानं टेबलावर उघडी मांडली जात. म्हणजे नो ट्रम्प आणि डमी ही जोडी निदान तेव्हापासूनची. व्हँडरबिल्ट या अमेरिकन खेळाडूने १९२५ मध्ये आजची गुणपद्धत आणली, ती बरीच नंतर.

आता पानं बघा. मागच्या आठवड्यात बोली तीन नो ट्रम्पवर थांबली होती. तुमचे पंधरा गुण, भिडूचे दहा. सहा अधिक तीन, म्हणजे नऊ हात करायचे आहेत.

डमी (उत्तर)
इस्पिक : ६ ४
बदाम : राजा ७ २
चौकट : एक्का राणी गुलाम १० ५
किलवर : ८ ५ ३

तुम्ही (दक्षिण)
इस्पिक : एक्का ७ ३
बदाम : एक्का ८ ४
चौकट : ९ ६ २
किलवर : एक्का राजा ७ ४

पश्चिमेची उतारी इस्पिकचा राजा. डमीतून काही टाकण्याआधी पानं पालथी ठेवा आणि मोजा. हक्काचे हात : इस्पिक एक, बदाम दोन, चौकट एक, किलवर दोन. झाले सहा. उरलेले तीन चौकटमधूनच यायचे आहेत, पण चौकटचा राजा बाहेर आहे. त्यासाठी हातातून नव्वी चालायची, पश्चिमेने छोटं पान टाकलं तर डमीतूनही पंजी. राजा पश्चिमेकडे असेल तर नव्वीच हात करते आणि पुढे सगळं सोपं. राजा पूर्वेकडे असेल तर तो एक हात जातो, पण चौकटचे चार आपल्याला मिळतात. म्हणजे काहीही झालं तरी नऊ होतात. अट एवढीच की त्याआधी किंवा त्यादरम्यान आपले पाच हात गेलेले नसावेत.

इथेच घाईचा एक्का घात करतो. बाहेर इस्पिकची आठ पानं आहेत. ती पाच-तीन वाटली जाण्याची शक्यता सुमारे ४७ टक्के, चार-चारची सुमारे ३३. समजा पश्चिमेकडे राजा, राणी, गुलाम, १०, ५ आणि पूर्वेकडे ९, ८, २ आहेत. तुम्ही पहिल्याच हाताला एक्का टाकला. मग नव्वी चाललात, पूर्वेने चौकटचा राजा टाकून हात घेतला आणि इस्पिक परत केलं. पश्चिमेचे चार इस्पिक आणि हा चौकटचा, पाच हात गेले. करार एका हाताने बुडाला.

आता पहिला हात सोडा, तिर्री टाका. पश्चिम राणी खेळेल, सत्ती टाका. गुलाम आला की मग एक्का. डमीत इस्पिक उरलेलं नाही, तिथून किलवरचं छोटं पान जाऊ द्या. दोन हात गेले खरे, पण पूर्वेची तिन्ही इस्पिकं संपली. आता चौकटचा राजा पूर्वेला मिळाला तरी परत द्यायला त्याच्याकडे इस्पिकच नाही. पश्चिम तिकडे १० आणि ५ घेऊन बसला आहे, दोन्ही पानं हात करणारी, पण त्याच्याकडे उतारी येणार कुठून? तुम्ही एक्का वाचवला नाही, दोन भिडूंमधली वाट बंद केलीत. मला या खेळातली सगळ्यात देखणी चाल हीच वाटते, आणि तिच्यात चमकदार असं एकही पान नाही.

आणि इस्पिक चार-चार वाटलेलं निघालं तर? तर त्यांचे तीन इस्पिक, एक चौकट, चारच हात जातात. तरीही नऊ आपले.

किती वेळा सोडायचं याला एक ठोकताळा आहे, सातचा नियम. त्या रंगाची तुमच्याकडची आणि डमीकडची पानं मिळून जितकी, तितकी सातातून वजा करा. इथे पाच, म्हणून दोनदा. ठोकताळाच तो, त्याला मंत्र समजू नका. किलवरमध्ये एक्का-राजाऐवजी भुसा असता तर पश्चिम दुसऱ्या हाताला इस्पिक सोडून तिकडे वळला असता, आणि मग सोडलेला एकेक हात महागात पडला असता. तसंच, चौकटचा हात पश्चिमेकडेच जाणार असेल तर वाट बंद करून उपयोग काय? लांब इस्पिक त्याच्याच हातात आहे.

पूर्व-पश्चिमेलाही हे सगळं कळतं. पूर्व आपल्या छोट्या पानांच्या क्रमाने भिडूला सांगू शकतो की माझ्याकडे किती आहेत. मेंढीकोटात या कामी खोकला, भुवई आणि ‘उकडतंय फार’ अशी वाक्यं वापरली जातात, आणि मजा त्यातच असते हे मी नाकारत नाही. ब्रिजमध्ये खूण फक्त पानाने करायची आणि तिचा अर्थ प्रतिस्पर्ध्याने विचारला तर सांगायचाही. बर्म्युडा बोल या जागतिक स्पर्धेत १९७५ साली भिडू एकमेकांना दिसू नयेत म्हणून टेबलावर प्रथमच पडदे लावले, तर एका इटालियन जोडीवर टेबलाखालून पायाने खुणा केल्याचा ठपका आला. मग टेबलाखालीही अडसर घातले गेले.

पुढच्या आठवड्यापर्यंत हे सोडवून ठेवा. पानं तीच, करार तोच, फक्त तुमचं इस्पिक एक्का, ७, ३ ऐवजी एक्का, गुलाम, ३ आहे. पश्चिमेने पुन्हा राजाच उतरला. पहिला हात घ्यायचा की सोडायचा? आणि तुम्ही सोडलात, तर पश्चिमेने पुढचं पान कोणत्या रंगाचं टाकावं?