सद्गुणांस देह कोणी दिला?

न्याय, आशा, संयम हे शब्द आपण नित्य उच्चारतों; परंतु त्यांस डोळ्यांनीं कोणी पाहिलें आहे काय? ज्यास रूपच नाहीं, तें चित्रांत कसें दाखवावें? सोळाव्या शतकांतील नेदरलंड्सच्या चित्रकारांनीं जुन्या परंपरेस अनुसरून प्रत्येक सद्गुणास स्त्रीदेह दिला, आणि ओळख पटावी म्हणून तिच्याजवळ कांहीं वस्तु ठेवल्या.

पीटर ब्रूगेल ह्यानें १५५९ व १५६० सालीं सात सद्गुणांचीं चित्रें रेखाटलीं. अँटवर्प शहरांतील प्रकाशक हिएरोनिमस कॉक ह्यानें तीं तांब्याच्या पत्र्यांवर कोरवून छापलीं. पत्र्यावर टोकदार हत्यारानें रेघा खोदावयाच्या, त्यांत शाई भरून पत्रा वरून पुसावयाचा, आणि ओलसर कागद त्यावर ठेवून रुळाखालीं दाबावयाचा, अशी ही रीति. एका पत्र्यावरून शेंकडों प्रती निघत; त्यामुळें असलीं चित्रें दूरदूरच्या घरीं पोंचूं लागलीं.

ह्यांतील ‘संयम’ पाहा. तिच्या मस्तकावर घड्याळ आहे, मुखांत लगाम आहे, आणि त्या लगामाची दोरी तिच्याच हातीं आहे. काळाचें भान ठेवावें, जिभेस आवर घालावा, आणि तो आपला आपणच घालावा, असा अर्थ आम्हांस दिसतो. ‘आशा’ खवळलेल्या समुद्रांत नांगरावर उभी आहे. पण तिच्या हातांत फावडें व विळा आहे! वर्धा जिल्ह्यांतील कास्तकारास हें समजावून सांगावयास नको. कपाशी पेरून तो आभाळाकडे पाहतो, परंतु डवरणी सोडीत नाहीं.

अशीं छापील चित्रें समुद्र ओलांडून हिंदुस्थानांतही आलीं. अँटवर्प येथेंच १५६९ ते १५७२ ह्या काळांत छापलेलें बहुभाषी बायबल गोव्याहून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनीं १५८० सालीं अकबर बादशहास नजर केलें. त्याच्या आरंभीं राजाच्या धर्मनिष्ठेचें स्त्रीरूप कोरलेलें होतें. बादशहाचा चित्रकार बसावन ह्यानें त्यावरून आपल्या शैलींत चित्र काढलें. भाषा परकी, तरी चित्र बोललें.

आपल्या सेवाग्रामीं १९३६ पासून राहिलेल्या महात्मा गांधींच्या मोजक्या वस्तूंत तीन माकडांची मूर्ति होती. ही कल्पना जपानांतील. तोंड झाकलेलें माकड आणि लगाम धरलेली स्त्री ह्यांचे देश निराळे, बोध मात्र एकच.

ब्रूगेलच्या ‘प्रीति’ ह्या चित्रांत मध्यभागीं ती देवता उभी आहे; परंतु तिच्या भोंवतीं साधीं माणसें भुकेल्यास भाकर देत आहेत, उघड्यास वस्त्र देत आहेत, बंदिवानास भेटत आहेत. विद्यार्थिमित्रहो, चेहऱ्यावरून ह्या स्त्रियांपैकीं एकही ओळखतां येत नाहीं. हातांत काय आहे, तें पाहावें लागतें. मनुष्याचेंही तसेंच होय. चित्रकारानें सद्गुणास कागदावर देह दिला. संसारांत तो आपल्याच हातांनीं द्यावयाचा आहे.