बारा टक्क्यांचं यंत्र

दिवाळीच्या तोंडावर सोनपेठच्या मोंढ्यात सोयाबीनचा भाव विचारला, तर उलट प्रश्न येतो, "मामा, मॉइश्चर किती आहे?"

वाण नदीकाठचं हे तालुक्याचं गाव. भोवती काळी जमीन, त्यात कापूस, सोयाबीन, तूर आणि गोदावरीच्या बाजूला ऊस. कापसाची वेचणी लांबत जाते, ऊस कारखान्याच्या तोडीची वाट पाहतो. शंभरेक दिवसांत हातात पैसा देणारं पीक सोयाबीनच. त्यामुळे किराणा, खत-बियाण्याची उधारी, पोरांची फी, लेकीची दिवाळी, सगळ्याला एकच वायदा असतो: सोयाबीन निघालं की देतो.

हा वायदा आडतीतल्या टेबलावरच्या एका लहानशा यंत्रापाशी येऊन अडतो. हमाल पोत्यात टोकदार पोकळ सळई खुपसतो, तिच्या खोबणीतून मूठभर दाणे निघतात, ते यंत्राच्या भांड्यात पडतात आणि काही सेकंदांत आकडा उमटतो. यंत्र दाणे वाळवून बघत नाही. ओल्या दाण्यात वीज वेगळी वागते, त्यावरून ते पाण्याचा अंदाज बांधतं. म्हणूनच नमुना कुठल्या पोत्यातून घेतला, दाणे उन्हात तापलेले होते का, यंत्राची तपासणी कधी झाली, यावर आकडा वर-खाली होतो. थप्पीतल्या खालच्या पोत्याचा आणि वरच्या पोत्याचा ओलावा सारखा नसतो, हे पोतं उचलणाऱ्या हमालाला चांगलं ठाऊक असतं. म्हातारी माणसं अजूनही दाणा दाताखाली धरतात. कटकन फुटला तर वाळला, दबला तर ओला. पण दातावर भाव मिळत नाही.

आकडा 12 च्या वर गेला की वजन कापतात. ओलाव्यापायी वजन कापणं मुळात अन्याय नाही. 16 टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमध्ये कोरडा माल 84 किलो. तोच 12 टक्क्यांवर आणला तर वजन भरतं साधारण साडेपंच्याण्णव किलो. म्हणजे घट साडेचार किलोची. हा हिशेब शेतकऱ्याच्या खिशात असला पाहिजे. वजनातली कपात या हिशेबापुढे गेली की विचारायचा हक्क त्याचा आहे, आणि तो त्याने मोकळेपणाने बजावावा असं मला मनापासून वाटतं.

अडचण आभाळाची आहे. काढणी आणि परतीचा पाऊस एकाच वेळी येतात. शेतातल्या गंजीवर ताडपत्री टाकावी तर आत वाफ धरते, न टाकावी तर शेंगेतच कोंब फुटतात. सप्टेंबर 2025 मध्ये गोदावरी पात्राबाहेर आली तेव्हा काठच्या शिवारांत गंजी घालायलाही पीक उरलं नव्हतं. त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता. पण सरकारी खरेदीलाही ओलाव्याची अट 12 टक्क्यांचीच. आदल्या हंगामात ओरड झाल्यावर नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्राने त्या हंगामापुरती ती 15 वर नेली होती. तोवर कित्येकांनी माल विकून टाकला होता, कारण दिवाळी थांबत नाही.

ज्याचा माल कोरडा, त्याला थांबता येतं. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे. गोदामात माल ठेवला की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज, व्याज 6 टक्के, मुदत सहा महिने. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांवर गेलं, तेव्हा घरात माल शिल्लक होता तो मोजक्यांच्याच. तारणालाही दाणा वाळलेला लागतोच; ओला माल गोदामात तापतो, काळा पडतो.

वाळवायला मात्र जागा नाही. डांबरी रस्त्याच्या कडेला पसरलेलं सोयाबीन याच हंगामात जागोजागी दिसतं, त्यावरून ट्रॅक्टर जातात आणि रात्री राखणीला कुणीतरी तिथेच झोपतं. गावोगावच्या सेवा सोसायट्यांपुढे सिमेंटचं एक मोठं खळं आणि टेबलावर तसंच एक तपासलेलं यंत्र हवं. म्हणजे घरून निघतानाच आकडा माहीत असेल आणि मोंढ्यात पुन्हा मोजताना शेतकरी तो ताडून पाहील.