सामाजिक सिद्धांत (विद्यापीठीय विषय)

सामाजिक सिद्धांत हा समाजाची घडण, सत्तासंबंध आणि सामाजिक परिवर्तन यांचे स्पष्टीकरण करणाऱ्या संकल्पनांचा आंतरविद्याशाखीय अभ्यास होय. समाजशास्त्र, मानवशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास आणि तत्त्वज्ञान या विषयांचा त्यात संबंध येतो. महाराष्ट्रातील विद्यापीठांत तो प्रामुख्याने समाजशास्त्र, राज्यशास्त्र व स्त्री-अभ्यास यांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा भाग म्हणून शिकवला जातो.

स्वरूप

एकाच सामाजिक प्रश्नाकडे निरनिराळ्या विद्याशाखा वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात. उदाहरणार्थ, पिंपरी-चिंचवड औद्योगिक पट्ट्यातील कासारवाडीसारख्या भागात राहणाऱ्या कंत्राटी कामगारांचा अभ्यास करताना अर्थशास्त्र वेतन तपासते, समाजशास्त्र जात, नातेसंबंध व स्थलांतर पाहते, तर राज्यशास्त्र कामगार संघटना व कायदे यांचा विचार करते. सामाजिक सिद्धांत या अभ्यासांतील गृहीतकेच तपासतो. ‘कामगार’ कोणाला म्हणावे, घरातील विनावेतन श्रम हे काम ठरते का, वर्गाचा विचार जातीपासून वेगळा करता येतो का, असे प्रश्न तो उपस्थित करतो.

महाराष्ट्रातील वाटचाल

महात्मा जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथातील जातिव्यवस्थेची मीमांसा विद्यापीठाबाहेर घडली. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जातिसंस्थेच्या इतिहासावर संशोधन केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानवशास्त्र यांचेही अध्ययन केले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी तेथील मानवशास्त्राच्या चर्चासत्रात जातींच्या उत्पत्तीवरील निबंध वाचला. केतकरांसह पूर्वीच्या अभ्यासकांच्या मतांची चिकित्सा करून त्यांनी जातीअंतर्गत विवाह हे जातिव्यवस्थेचे मूळ लक्षण मानले. स्त्रियांवरील नियंत्रण आणि जातीचे सातत्य यांचा संबंधही त्यांनी त्यात दाखवला.

मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये समाजशास्त्र विभाग सुरू झाला. त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ आणि नगररचनाकार होते. १९२४ पासून विभागाची धुरा गो. स. घुर्ये यांच्याकडे आली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये इरावती कर्वे यांनी मानवशास्त्र, समाजशास्त्र व प्राचीन वाङ्मय यांची सांगड घातली. पुढे पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांची आत्मकथने अभ्यासक्रमात आणली. ही आत्मकथने केवळ साहित्य नसून सामाजिक ज्ञानाचे साधन आहेत, अशी त्यांची भूमिका होती.

अनुभव आणि सिद्धांत यांचा वाद

राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये भारतीय समाजविज्ञानांतील विषमतेवर बोट ठेवले. काही मोजके अभ्यासक सिद्धांत मांडतात, तर दलित-बहुजन अभ्यासकांच्या वाट्याला माहिती गोळा करण्याचे काम येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्याने अनुभव घेतला त्यालाच सिद्धांत मांडण्याचा अधिकार आहे का, या प्रश्नावर त्यांचा तत्त्वज्ञ सुंदर सरुक्कई यांच्याशी झालेला वाद २०१२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.

अध्यापनाची भाषा

या विषयाचे बहुतांश मूळ ग्रंथ इंग्रजी, जर्मन वा फ्रेंच भाषांत आहेत. त्यामुळे मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यांना संकल्पना आणि भाषा या दोन्ही अडचणी एकाच वेळी पार कराव्या लागतात. स. मा. गर्गे यांनी संपादित केलेला ‘भारतीय समाजविज्ञान कोश’ आणि ‘समाजप्रबोधन पत्रिका’ यांसारख्या प्रयत्नांतून मराठीत परिभाषा घडत गेली. सिद्धांत मांडण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद अध्यापनाच्या भाषेशीही निगडित आहे.